दीड सूत डावीकडे

बंदरात शिरताना डाव्या हाताला, पाण्याखाली हातभर, एक खडक आहे. त्याला सगळे सासू म्हणतात. बाहेर जाणाऱ्याला ती कधी काही करत नाही, घरी येणाऱ्यालाच गाठते, म्हणून ते नाव. तिच्यावर लाल पिंप बांधून झालं, पाटी लावून झाली, बंदर समितीच्या तीन बैठका झाल्या, त्यांतल्या एकीत तर पाटीच्या रंगावरून भांडण झालं. तरीही महिन्याला एखादी बोट तिच्या पाया पडून यायचीच.

बोट आपटली की पहिल्यांदा जातं ते स्केग. या बोटींचं इंजिन आत असतं आणि मागच्या फळीबाहेर ॲल्युमिनियमचा एक जाडजूड पाय पाण्यात सोडलेला असतो. त्याला आउटड्राइव्ह म्हणतात. पायाला पंखा, आणि पंख्याच्या खाली माशाच्या परासारखं एक पातं. ते पातं म्हणजे स्केग. पंख्याच्या आधी स्वतः मार खायचा आणि बोटीला सरळ धरून ठेवायचं, अशी त्याला दोन कामं. आमच्या कथेतल्या बोटींची स्केगं पहिलं काम इतकं मन लावून करत की दुसऱ्याकडे कुणी फारसं लक्षच दिलं नव्हतं.

मोडलेलं स्केग घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न मात्र तिथे कुणाला पडत नसे. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये सूतभर होते.

इंचाचे आठ भाग केले की एका भागाला सूत म्हणतात. 'माझ्या कामात सूतभर फरक दाखव आणि मग बोल,' असं ते एकतीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सुनावत होते. कुणी दाखवला नाही, कारण मोजायला कुणी बसलंच नाही. त्यामुळे त्यांचं खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं. बाकी जगाला ते सूतभर, आणि लहानांना सूतभरकाका.

काम मात्र त्यांचं खरोखर बघत राहावं असं होतं. आधी पायातलं तेल काढायचं, पंखा उतरवायचा, मोडकी कड करवतीनं सरळ कापायची आणि तिला कानशीनं उतार द्यायचा. मग वरच्या रबरी सीलना आच लागू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळायचं. आणि मग साबण. लोखंड तापलं की लाल होतं, निदान सांगतं तरी. ॲल्युमिनियम शेवटपर्यंत चेहरा तसाच ठेवतं आणि एकदम ओघळून पायावर पडतं. म्हणून सूतभर त्याच्यावर कपडे धुण्याच्या साबणाची एक रेघ ओढत. रेघ तांबूस काळी पडली की धातू तयार. मग आरगॉन वायूवरची वेल्डिंगची बत्ती लावून नवा तुकडा असा जोडत की घासून रंग दिल्यावर सांधा बोटालाही लागू नये.

आणि या सगळ्याच्या वर साचा होता. दोन लोखंडी पत्रे, पुस्तकासारखे बिजागरीत उघडणारे, आतून स्केगच्या आकाराचे. मोडक्या पायाच्या बुडख्यावर साचा चढवायचा, त्यात नवा तुकडा बसवायचा, जोडून टाकायचा, की स्केग जसं हवं तसं. शेड उघडली त्या वर्षी पहिलं जे स्केग हातात आलं त्यावरून त्यांनी तो बनवला होता. त्याला वेगळा खिळा होता, वेगळं तेल होतं, वेगळं फडकं होतं, आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. 'मला ताप आला तेव्हा माझ्या कपाळाला एवढ्या वेळा हात लावला नव्हतात,' असं त्यांची बायको म्हणे. त्यावर सूतभर म्हणत की तापाचं माप थर्मामीटरनं घ्यायचं असतं, हातानं नाही.

त्या बंदराची आणखी एक गंमत सांगायला हवी. तिथली प्रत्येक बोट डावीकडे ओढायची. चाक सोडलं की नाक हळूहळू डावीकडे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत, 'चाक दोन बोटं उजवीकडे धरून ठेव, इथल्या पाण्याला डावी ओढ आहे.' का आहे, याबद्दल मतं होती. कुणी खाडीच्या वळणाला दोष दिला, कुणी तळाच्या चिखलाला. एका निवृत्त मास्तरांनी चंद्रावर सगळं ढकलून त्यावर आकृत्यांसह सोळा पानांची पुस्तिका छापली होती. शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्याला ती फुकट मिळे, आणि तरी गठ्ठा संपत नव्हता. सूतभरांकडे एक प्रत होती. आमच्या बंदराचं पाणी साधंसुधं नाही, असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

न पटलेलं एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्या घरातच होतं.

त्यांची एकुलती एक लेक चोविसाव्या वर्षी समितीच्या प्रवासी लाँचवर चाक धरायला लागली. त्या बंदरात चाक धरणारी ती पहिली बाई. त्यामुळे ती बरं चालवते की वाईट, हे ती चढायच्या आधीच अर्ध्या धक्क्याने ठरवून टाकलं होतं. पहिल्या महिन्यात ती शेडमध्ये आली.

"बाबा, लाँचचं चाक डावीकडे ओढतं."

"पाणी ओढतं. चाकाला कशाला बोल लावतेस?"

"भरतीलाही ओढतं आणि ओहोटीलाही. पाणी उलटं फिरलं तरी ओढ तीच. मग ती पाण्याची कशी? तू एकदा स्केग बघ ना."

"स्केग मी बसवलंय," सूतभर म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं तिथे विषय संपला. ती आणखी दोनदा आली. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला सांगितलं की या शेडमध्ये मोजायचं काम एकट्याचं आहे.

तिसऱ्या महिन्यात अकरा उतारू घेऊन परत येताना लाँच सासूवर चढली. कुणाला खरचटलंही नाही, एका बाईंची एक चप्पल तेवढी गेली. पण समितीची चौकशी बसली. पुरुषांच्या हातून दर महिन्याला बोट आपटायची तेव्हा ते पाण्याचं काम असायचं. या वेळी कुणालाच चंद्र आठवला नाही. अध्यक्षांनी साक्षीला सूतभरांना बोलावलं, कारण लेक चाकावर येण्याच्या थोडं आधीच लाँचचं स्केग त्यांनी बदललं होतं. बोटीत दोष होता का?

सूतभर साचा काखेत मारून आले होते. चौकशी धक्क्यावरच, चढवून ठेवलेल्या लाँचपाशी होती, आणि स्केगचा बराच भाग शाबूत होता. सगळ्यांच्या देखत त्यांनी त्यावर साचा चढवला. चपखल बसला. बसणारच, त्यातूनच ते निघालं होतं. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि सूतभरांच्या तर नाहीच नाही.

"बोटीत सूतभर दोष नाही," ते म्हणाले. "असलाच तर हातात असेल."

ती समोर बसली होती.

तिच्याकडून चाक काढून घेतलं, आणि समितीचं मन मोठं म्हणून तिला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. सूतभरांचं मात्र नाव झालं. पोटच्या पोरीची गय केली नाही, असा खरा माणूस, म्हणून लोक त्यांना दाखवू लागले. मग काय, भिंत कुणाच्या हद्दीत आली, भावाभावांत कपाट कुणाचं, अमक्याची मुलगी उंचीला तमक्याच्या मुलापेक्षा जास्त आहे का, सगळ्याला सूतभर. ते टेप घेऊन जात आणि निकाल देऊन येत. घरी लेक त्या दिवसापासून त्यांना 'तुम्ही' म्हणायला लागली. शेजाऱ्यांना वाटलं, नोकरीमुळे वळण लागलं.

अशी नऊ वर्षं गेली. ती तेहतीस वर्षांची झाली. बापलेक एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत, आणि दिवसभरात त्यांचं बोलणं म्हणजे 'भाजी वाढू का तुम्हाला?' आणि 'वाढ.'

यंदा समितीनं सूतभरांचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. रविवारी, समितीच्या सभागृहात. मानपत्र मास्तरांनी लिहिलं, त्यातला मधला परिच्छेद सगळा त्या साक्षीवर होता. साचा काचेच्या कपाटात कायमचा मांडायचा आणि नवीन साचा त्यावरूनच काढून शेडला द्यायचा, असाही ठराव झाला. लेकीला तिकिटाच्या खिडकीवर या कार्यक्रमाची पाटी चिकटवायला दिली. तिनं ती सरळ चिकटवली.

आणि त्याच आठवड्यात अध्यक्षांची बोट आपटली.

अध्यक्षांचं फरश्यांचं दुकान होतं, आणि त्यांनी नवी कोरी बोट आणली होती. एकतीस वर्षांत त्या बंदरात आलेली पहिली नवी बोट. बाकी सगळ्या जुन्या, अनेक हातांतून फिरलेल्या, आणि प्रत्येकीचा पाय कधी ना कधी सूतभरांच्या साच्यातून गेलेला. अध्यक्षांनी पहिल्या फेरीत दिमाखात चाक दोन बोटं उजवीकडे धरलं आणि बोट सरळ नेऊन उजव्या हाताच्या दगडी बांधावर घातली. डावीकडची सासू बघतच राहिली असेल. उजवीकडे आपटणारा बंदराच्या इतिहासातला तो पहिला माणूस.

"उजवीकडे ओढते हो," अध्यक्षांनी शेडमध्ये येऊन तक्रार केली. "एवढे पैसे घेतात आणि माल असा. तुमच्या हाताखालून गेली की वळणावर येईल."

स्केगचा फक्त खालचा कोपरा गेला होता, तळहाताएवढा. सासू एरवी स्केग मुळापासून न्यायची, त्यामुळे साचा नेहमी नुसत्या बुडख्यावर बसवायची सवय. या वेळी तीन हिस्से पातं जागेवर होतं. सूतभरांनी तेल काढलं, पंखा उतरवला, कड कापली, साचा चढवला. बसला नाही. मागच्या कडेला फट राहिली. पुन्हा चढवला, पुन्हा फट.

"कंपनीनं वाकडं ओतलंय," सूतभर स्वतःशी म्हणाले. त्यांना जरासा आनंदच झाला. आजकाल कुणी मोजत नाही, असं ते नेहमी म्हणत, त्याला आता पुरावा मिळाला होता. पातं तापवून साच्याबरहुकूम वाकवायचं त्यांनी ठरवलं. साबणाची रेघसुद्धा ओढली. पण त्याआधी कंपनीला एक खरमरीत पत्र लिहावं असं त्यांच्या मनात आलं, आणि पत्रात आकडा हवा. किती वाकडं, कुठल्या बाजूला. तेवढ्यासाठी, नुसत्या कंपनीची खोड मोडायला म्हणून, त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा साचा बाजूला ठेवून स्केग मोजायला घेतलं. पायाच्या नाकापासून पंख्याच्या दांड्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणला आणि ओळंबा सोडला.

स्केग बरोबर दोऱ्याखाली होतं.

दोरा ढिला पडला असेल म्हणून त्यांनी तो पुन्हा ताणला. मग शेडमध्ये दुरुस्त होऊन पडलेल्या दोन जुन्या पायांवर ताणला. दोघांची मागची कड डावीकडे. दीड सूत. एकाची दीड, दुसऱ्याचीही दीड. मग साचा उघडून बाकावर धरला आणि आतून मोजला. सात वेळा मोजला. आठव्या वेळेला साचा मिटून बाकावर ठेवला.

साचा पहिल्या स्केगवरून काढला होता. ते स्केग एका जुन्या बोटीचं होतं, आणि ती बोट शेडमध्ये आली होती दुरुस्तीला. धडधाकट स्केग दुरुस्तीच्या शेडमध्ये कशाला येईल, हे एकतीस वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं.

ते स्टुलावर बसून राहिले. सगळं एकामागून एक सरळ दिसायला लागलं. त्यांनी बोटी डावीकडे वळवायच्या, त्या डावीकडच्या सासूवर जायच्या, स्केग मोडायचं, पुन्हा त्यांच्याकडे यायचं, आणि ते पुन्हा डावीकडे वळवून द्यायचे. त्यावर त्यांचं घर चाललं होतं. लोक म्हणतील मुद्दाम केलं. हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना लाज वाटली की हेच आधी मनात आलं. मग ते आलं, जे यायला नको होतं. भरतीलाही ओढतं आणि ओहोटीलाही.

दुपारी बायको डबा घेऊन आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, दोरा लावून दाखवलंसुद्धा.

"मला काय दाखवताय?" ती म्हणाली. "साक्ष काय माझ्याविरुद्ध दिली होतीत? जिच्याविरुद्ध दिलीत तिला सांगा."

"आधी अध्यक्षांना सांगतो. रीतसर."

"सांगा. तेवढंच उद्यावर ढकललं जाईल," असं म्हणून तिनं डबा उघडून पुढे ठेवला आणि ते जेवतील म्हणून तिथे बसून राहिली. ते काही जेवले नाहीत.

अध्यक्ष दुकानात फरशीच्या नमुन्यांमध्ये बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दीड सूत म्हणजे किती? बोटांनी दाखवा."

सूतभरांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली.

"एवढंसं?" अध्यक्ष हसले. "काका, आमच्या फरश्या यापेक्षा वाकड्या निघतात. हे बघा, चौकशी माझ्या सहीनं झाली. मानपत्र छापून आलं. या बंदरात अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट घडली, ती तुमची साक्ष. आता ती तुम्हीच मोडून खाणार का? रविवार होऊ द्या. मग सावकाश बघू."

मग सावकाश बघू, याचा अर्थ सूतभरांना चांगला माहीत होता. तरी त्यांना बरं वाटलं. पुढचे दोन दिवस त्यांनी लेकीला सांगायचा प्रयत्न केला, म्हणजे ती समोर आली की घसा खाकरला. "भाजी वाढू का तुम्हाला?" तिनं विचारलं. "वाढ," ते म्हणाले. शनिवारी त्यांनी तीनदा भाजी घेतली.

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत समिती, मागे बोटवाले आपापल्या बायकामुलांसह. लेक शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती. आईनं ओढून आणलं म्हणून आली होती आणि पाचला खिडकी पुन्हा उघडायची म्हणून अंगावर कामाचा कोट तसाच होता. मास्तरांनी मानपत्र वाचलं. साक्षीचा परिच्छेद आला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला, पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले, आणि काहींनी मागे वळून लेकीकडे बघितलं. ती समोरच बघत होती.

सूतभर माईकपाशी उभे राहिले.

"साचा चुकीचा आहे," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"विनय बघा," अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, माईकला ऐकू जाईल असं.

"विनय नाही. मी एकतीस वर्षं सगळ्यांची स्केगं वाकडी बसवली. पाणी ओढत नाही. मी ओढत होतो. मी दिलेली साक्ष खोटी होती."

आणखी मोठ्या टाळ्या झाल्या. खऱ्या माणसाला आपलं खरं कमीच वाटतं, असं काहीतरी मास्तर म्हणाले, आणि कुणीतरी मानचिन्ह घेऊन पुढे यायला लागलं. सूतभर तिथे तोंड उघडं टाकून उभे राहिले. आयुष्यभर त्यांचं खोटं लोकांनी खरं मानलं होतं, आणि आता खरं सांगत होते तर ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"किती?"

शेवटच्या रांगेतून आवाज आला. लेक उभी राहिली होती. टाळ्या विस्कळीत झाल्या आणि थांबल्या.

"दीड सूत," सूतभर म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. मागची कड."

"माझ्या लाँचचीही?"

"तुझ्या लाँचचीही. तू तीनदा सांगायला आली होतीस. मी बघितलं नाही. हात तुझा नव्हता वाकडा. माझं चुकलं."

हे त्यांनी माईकवरच सांगितलं. आवाज फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग बोटवाल्यांत एकदम कालवा झाला. जो तो बोटांनी दीड सूत दाखवून दुसऱ्याला समजावू लागला. "मग चंद्राचं काय?" मास्तरांनी विचारलं. अध्यक्षांनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली, ती बघण्यासारखी होती. निम्म्या बोटवाल्यांनी स्केग सरळ करून घ्यायला साफ नकार दिला. आमच्या हाताला डाव्या ओढीची सवय झाली, आता सरळ बोट मिळाली तर आम्ही अध्यक्षांसारखे बांधावर जाऊ, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठराव झाला की डावी ओढ ही या बंदराची जुनी पद्धत समजावी आणि ज्याला सरळ बोट हवी असेल त्यानं लेखी अर्ज करावा. चौकशीचं प्रकरण फार जुनं झाल्यामुळे उघडता येत नाही, असंही एका ओळीत नोंदलं. साचा ठरल्याप्रमाणे काचेच्या कपाटात गेला. मानपत्रातलाही शब्द बदलला नाही, कारण छपाई चांगली झाली होती.

लेकीनं त्याच दिवशी लेखी अर्ज दिला. लाँचसाठी, बिनउतारूची एक फेरी मारून बघण्याच्या परवानगीसह. आपलाच ठराव असल्यामुळे समितीला तो नाकारता येईना.

सोमवारी लाँच धक्क्यावर चढवली. सूतभरांनी स्केग मुळापासून कापलं. साचा नव्हताच. दोरा ताणायला दोन माणसं लागतात, एक टोक लेकीनं धरलं. ती खिडकी बंद करून यायची, कोट काढून टोक धरायची, आणि दर वेळी ते 'बरोबर?' विचारायचे. तिनं पहिल्या वेळी 'नाही' म्हटलं, दुसऱ्या वेळी 'नाही' म्हटलं. सूतभरांनी दोन्ही वेळेला निमूटपणे जोडाचा कच्चा टाका तोडला आणि पुन्हा साबणाची रेघ ओढली. तिसऱ्या वेळी ती ओळंब्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि 'हं' म्हणाली. एवढ्या वर्षांत त्यांचं काम तपासून घेणारं पहिलं माणूस.

बुधवारी सकाळी लाँच पाण्यात सोडली. लेकीनं चाक धरलं आणि सूतभर मागच्या बाकावर बसले. धक्क्यावर वीसपंचवीस माणसं सहज फिरायला म्हणून आलेली होती. बाहेर मोकळ्या पाण्यात वळून तिनं लाँच बंदराच्या तोंडाशी सरळ लावली, वेग कमी केला, आणि मग दोन्ही हात चाकावरून उचलले.

सूतभर अर्धे उठले. डावीकडे लाल पिंप जवळ आलं, बाजूला आलं, आणि दोन हातांच्या अंतरावरून मागे गेलं. लाँचचं नाक हललं नाही. धक्क्यावरचे लोक एकमेकांना काहीतरी सांगत होते, ते इथपर्यंत ऐकू येत नव्हतं.

आत आल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि लाँच पाण्यावर तशीच राहू दिली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडे बघत बसली.

"माझं चुकलं," सूतभर पुन्हा म्हणाले.

"ते रविवारी ऐकलं मी."

मग मांडीवरचा उजवा हात उचलून ती म्हणाली, "नऊ वर्षं, कपात चहा ओततानासुद्धा मी या हाताकडे बघत होते. बाजूला सांडेल म्हणून. नोटा मोजताना बघत होते, कुलूप लावताना बघत होते. तुम्ही म्हणालात म्हणजे असणार, असं वाटायचं मला. तुमच्यावर राग होता, पण विश्वासही तुमच्यावरच होता."

सूतभरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि तिनंही समजूत काढली नाही. तिकिटाची खिडकी दहाला उघडायची होती, पाऊण तास उरला होता. तिनं इंजिन चालू केलं, लाँच धक्क्याकडे न नेता पुन्हा बाहेर वळवली आणि तो सगळा पाऊण तास चालवत राहिली.